वाफेच्या गाडीला पुढं दोन-दोन इंजिनं का जोडतात?

उसाचा_फड:
मंडळी एक शंका हाय. रात्री जेवणं झाली की पोरगा आणि मी मोबाईलवर इंग्लंडातल्या वाफेच्या पर्यटन गाड्यांचे व्हिडिओ बघतो, त्याला नादच लागलाय. त्यात बऱ्याचदा पुढं एकामागं एक दोन इंजिनं असतात, दोन्ही चालू, दोन्हीतनं धूर. पोरगं विचारतंय, पप्पा एकाला ओढत नाही काय? मला म्हाईत ते एवढंच, की फडात ट्रॉली रुतली की आपण ट्रॅक्टरच्या पुढं अजून एक ट्रॅक्टर साखळीनं लावतो, आणि पुढच्यानं क्लच जरा आधी सोडला की साखळी ताडकन ताणते, गेल्या हंगामात आमचा हूकच उपटून आला. मग इथं दोन ड्रायव्हर, मधे धूर, मागच्याला पुढचं काही दिसत नसणार. झटका कसा बसत नाही आणि ब्रेक नेमका कोण मारतो? सांगा कुणीतरी, पोराला उद्या उत्तर द्यायचंय.

घाटातला_धूर:
भावा, ट्रॅक्टरचं उदाहरण बरोबर पकडलंस. माझे वडील मीटर गेजला (एक मीटर रुंदीचे रूळ) वायपी जातीच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते, घरात हेच ऐकत वाढलो.

आधी का लावतात ते. तिकडचा जुना एक डबा ३५ टनाच्या आसपास, १२ डबे लावले की ४०० टन झाले. सपाटीला एक इंजिन हे नेतंय. चढाला मात्र बॉयलरात वाफ असून चाक जागेवर गरगर फिरतं कारण रुळावर पकडच राहत नाही, त्यात पाऊस नाहीतर रुळावर पाला पडला असला की संपलंच. दुसरं इंजिन म्हणजे अजून तेवढ्या चाकांची पकड. तिकडं सेटल ते कार्लाइल मार्गावर जवळजवळ २५ किलोमीटर सलग चढ आहे, १०० फुटाला १ फूट. ११ ऑगस्ट १९६८ ला ब्रिटिश रेल्वेनं वाफेची शेवटची खास गाडी काढली ती याच मार्गानं गेली. मँचेस्टरहून कार्लाइलपर्यंत ‘ऑलिव्हर क्रॉमवेल’ या एकट्या मोठ्या इंजिनानं नेली, आणि परत येताना ‘ब्लॅक फाइव्ह’ जातीची दोन मध्यम इंजिनं जोडीनं. एक मोठं नाहीतर दोन मध्यम, हिशोब असा.

आपल्याकडं कॅसलरॉकच्या घाटात इंजिन मागनं लावायचे, त्याला बँकर म्हणतात. तिथला चढ ३७ ला १, म्हणजे फारच खडा. मागनं रेटलं की कपलिंगवर (डबे जोडणारी कडी) ताण कमी आणि चुकून कपलिंग तुटलंच तरी डबे मागं पळत नाहीत.

जयसिंगपूरची_सुमन:
ब्रेकचं मी सांगते. ब्रेक पुढच्याच ड्रायव्हरच्या हातात. व्हॅक्यूम ब्रेकमधे सगळ्या गाडीच्या पाइपातली हवा इजेक्टरनं (वाफेच्या झोतानं हवा ओढणारं यंत्र) ओढून काढलेली असते, ब्रेक लावायचा म्हणजे पाइपात हवा आत सोडायची. आता पुढच्यानं हवा सोडली आणि मागचा आपल्या इजेक्टरनं ती परत ओढून काढतोय असं झालं तर ब्रेक नीट लागणारच नाही, म्हणून मागच्यानं आपला इजेक्टर बंद ठेवायचा असतो. अगदीच धोका दिसला तर ब्रेक त्यालाही लावता येतो.

आणि झटक्याचं म्हणाल तर दोन इंजिनांमधे साखळी नसते, स्क्रू कपलिंग असतं, ते पिळून इतकं घट्ट करतात की बफरला बफर (टोकाला धक्का झेलणारा दट्ट्या) टेकतो. ढिलाईच नाही तर झटका कुठनं बसणार? पुढच्यानं शिट्टी दिली की मागचा शिट्टीनंच उत्तर देतो, मग दोघं रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा दांडा, हळूहळू उघडतात. मागच्याला समोर आपला बॉयलर, पुढच्याचा टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) आणि धूर एवढंच दिसतं, त्यामुळं तो कानानं आणि पायाखालच्या हादऱ्यानंच गाडी चालवतो. बोगद्यात तर पुढच्याचा सगळा धूर यांच्या तोंडावर, ते हाल व्हिडिओत दिसत नाहीत.

घाटातला_धूर:
सुमनताई मस्त सांगितलंत. पोराला अजून एक गंमत दाखव भावा, आज डोळे मिटून नुसता आवाज ऐका. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा भकभकतं. दोघांची चाकं झिजून एकसारखी राहिलेली नसतात, त्यामुळं दोन हलग्या वाजल्यासारखं होतं, मधेच ठेका जुळतो, मग सरकत सरकत सुटतो, परत जुळतो.

उसाचा_फड:
लई भारी माहिती दिलीत, दोघांचे आभार. आता ऐकलं, खरंच जुळतंय आणि सुटतंय! पोरगं चार-चार मोजत बसलंय. आता त्याचं पुढचं, कोल्हापूर-मिरज असं जोड इंजिन पळवता येईल काय?

घाटातला_धूर:
आपल्या लाइनीला गरज नाही रे, ४७-४८ किलोमीटर, घाट कुठं नाही. १८९१ ला मीटर गेज सुरू झाली, १९७१ ला रुंद रुळांची ब्रॉडगेज झाली, आता वर विजेची तार. तारेखाली वाफेचं इंजिन चालतं, पण टेंडरवर माणूस चढवायचा नाही. दुसरं पाणी. एका ब्लॅक फाइव्हच्या टेंडरमधेच १८ हजार लिटर बसतं, जोडीला ३६ हजार, म्हणजे स्टेशनात टँकरची रांग लावावी लागणार. आणि रुकडीजवळ पंचगंगेचा पूल आहे, एवढी वजनदार दोन इंजिनं लागोपाठ एकाच गाळ्यावर आली तर भार किती पडतो हे इंजिनिअरनं तपासल्याशिवाय कुणी सोडणार नाही. एकट्या इंजिनाची खास गाडी मात्र निघावी असं मला मनापासून वाटतं, निघाली तर पहिलं तिकीट वडिलांचं काढीन.