दर आठवड्याला नवं भूत, नवे पाहुणे

जुन्या भूतमालिकांची एक गंमत होती. घर तेच, पावसाची रात्र तीच, पण प्रत्येक गोष्टीला भूत नवं आणि त्याच्या तावडीत सापडणारी माणसंही नवी. एखाद-दोन भागांपुरते येणारे हे नट कधी आधीच ओळखीचे असायचे, तर कधी पुढे भलत्याच रूपात भेटायचे. या धाग्यात अशाच पाहुण्यांबद्दल आणि भुतांबद्दल लिहूया. अट एकच, मालिका २००० सालाच्या आधीची हवी. कथानक अथपासून इतिपर्यंत सांगत बसू नका. चेहरा, आवाज, मुखवटा, तेव्हा तुमच्या घरात काय झालं, ते सांगा. सुरुवात मी करते.

१९८५ साली दूरदर्शनवर रविवारी दुपारी 'विक्रम और बेताल' लागायचं. परळच्या आमच्या चाळीत मजल्यावर एकच टीव्ही, तोही कृष्णधवल. पुढे मुलं, मागे बायका, आणि दारात उभे राहून 'आम्ही काही बघत नाही' असं दाखवणारे पुरुष. सज्जन नावाचा नट वेताळ व्हायचा. नाव सज्जन आणि काम हे! वडील सांगायचे की हा १९५१ च्या 'सैंया'मध्ये मधुबालासोबत होता. आमचा विश्वास बसायचा नाही. पांढरे मोकळे केस, रंगवलेला चेहरा, आणि विक्रमाच्या खांद्यावर बसून लाडीगोडीत गोष्ट सांगणारा तो आवाज. मला त्याच्या उडण्याची भीती कधी वाटली नाही, दोरी दिसत नसली तरी दोरी आहे हे कळायचं. भीती वाटायची ती गोष्ट संपल्यावर तो प्रश्न विचारायचा तेव्हा. उत्तर येत असून बोललं नाही तर डोक्याची शकलं, आणि बोललं तर हा पुन्हा झाडावर! शाळेत तोंडी परीक्षेला उभं राहिलं की मला तोच आठवायचा.

आमची आजी आरवलीकडची, वेंगुर्ले तालुक्यातली. तिथे वेतोबा म्हणजे ग्रामदेव. त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि त्या चपला झिजतात अशी श्रद्धा. तिने पहिलाच भाग पाहिला आणि सगळ्यांदेखत निकाल देऊन टाकला, "आमचो वेतोबा असो कोणाच्या खांद्यार बसाचो नाय." पण उठून मात्र गेली नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी जागा धरून बसलेली.

खरी मजा पाहुण्यांची. दर गोष्टीला राजा, राजकन्या, चोर, ब्राह्मण सगळे वेगळे, पण चेहरे फिरून फिरून तेच. दीपिका चिखलिया एका गोष्टीत राजकन्या, दुसरीत आणखी कोणाची तरी बायको. सुनील लहरी यायचा. दारा सिंग येऊन गेला. वेताळाला घेऊन ये म्हणणारा तो कपटी योगी म्हणजे अरविंद त्रिवेदी, आणि विक्रम अर्थातच अरुण गोविल. मग जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं आणि हीच सगळी मंडळी राम, सीता, लक्ष्मण, हनुमान, रावण होऊन समोर आली. निर्माते तेच, सागर. शेजारच्या काकू टीव्हीला हळदकुंकू लावायच्या, रामाला हात जोडायच्या. माझा धाकटा भाऊ मात्र वनवासाच्या प्रसंगात मोठ्याने म्हणाला, "खांद्यावर कोण बसलंय बघ." त्याला पाठीत धपाटा मिळाला. पण त्यानंतर राम वनातून चालू लागला की माझीही नजर आधी त्याच्या खांद्याकडे जायची.

* * *

आमच्याकडे उलटं झालं. आधी 'महाभारत'चा कर्ण, मग भूत. १९९३ ला 'झी हॉरर शो' आला, रामसे बंधूंचा, आणि पहिल्याच 'दस्तक' या गोष्टीत पंकज धीर आणि अर्चना पूरण सिंग. कवचकुंडलं दिलेला माणूस स्वेटर घालून बंगल्यात घाबरतोय, हे पाहवेना. आईला तर रागच आला. "एवढा दानशूर माणूस, त्याच्यामागे काय भुतं लावता?"

केबल नवीन होती. भाग संपल्यावर पॅसेजमधला दिवा कोण लावणार यावरून भांडणं व्हायची. तेवढंच.

* * *

'झी हॉरर शो'चा विषय निघालाच आहे, तर अनिरुद्ध अग्रवालचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 'पुराना मंदिर'मधला सामरी हाच. रामसेंच्या सिनेमांतून तो या मालिकेतही आला. सहा फुटांच्या वर उंची, लांब चेहरा, खोल डोळे. शिक्षणाने रुरकीचा इंजिनिअर. रामसेंच्या बाकीच्या भुतांना मुखवटे लागायचे, याला जेमतेम थोडा रंग. मला वाटतं म्हणूनच तो लक्षात राहिला. मुखवटा घातलेलं भूत जवळ आलं की रबर दिसतं. हा जवळ आला की माणूसच दिसायचा, आणि ते जास्त वाईट.

* * *

वरचं रबराबद्दलचं वाचून राहवलं नाही. नव्वदच्या दशकात मी एका भूतमालिकेवर मेकअपदादांच्या हाताखाली होतो. नाव सांगत नाही. मढच्या बंगल्यांमध्ये रात्रपाळी चालायची.

रबराला नावं ठेवू नका, कारण बऱ्याचदा ते तयार मुखवट्याचं रबर नसायचंच. चेहऱ्यावर आधी स्पिरिट गम लावायचा. त्यावर कापूस पिंजून, अगदी जाळीसारखा पातळ करून चिकटवायचा. मग स्पंजने लिक्विड लॅटेक्स थापायचं आणि हेअर ड्रायरने वाळवायचं. पुन्हा कापूस, पुन्हा लॅटेक्स. सुरकुत्या हव्या असतील तर दादा दोन बोटांनी कातडी ताणून धरायचे, लॅटेक्स सुकलं की सोडायचे, आणि गाल आपोआप ऐंशी वर्षांचा व्हायचा. हे दोन-तीन तास चालायचं. एसी नाही. कपाळावर घाम आला की कडा सुटायच्या, त्या परत चिकटवायच्या. गम ओला असताना भुताला विडी ओढायची सक्त मनाई, कारण तो पेट घेतो. जेवणही नाही, चहा स्ट्रॉने.

एका गोष्टीत भूत होते रंगभूमीवरचे एक ज्येष्ठ नट. त्यांना पांढऱ्या लेन्स घातल्या होत्या, आतून बाहेरचं जवळजवळ काही दिसत नव्हतं. जिन्यावरून उतरून नायिकेच्या मागे उभं राहायचं, एवढाच शॉट. रिहर्सलला ते माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या मोजत उतरले. "चौदा का रे पंधरा?" मी म्हटलं चौदा. दोनदा उतरून त्यांनी पाठ केलं आणि टेकला मी बाजूला झालो. आंधळ्यासारखे चाचपडत नाहीत, घाई करत नाहीत, अगदी सावकाश एकेक पायरी. दिग्दर्शकाला ती चाल इतकी आवडली की भूत कसं चालावं ते बाकीच्यांना तेच दाखवायला लागला. पडद्यावर लोक घाबरले ते त्या चालीला. मेकअपचा त्यात फार वाटा नव्हता, हे दादांनाही मान्य होतं. कुरकुरत का होईना.

* * *

परदेशी मालिका चालेल ना? अमेरिकेत शिकत असताना रूममेट जुन्या मालिका बघायचा, त्यात 'कोल्चॅक: द नाइट स्टॉकर' होती. १९७४-७५ ची, अवघे वीस भाग. डॅरेन मॅकगॅव्हिन शिकागोतला वार्ताहर, मळका सूट, गवती हॅट. दर भागात एक राक्षसी प्रकार त्याच्या वाट्याला येतो आणि बातमी काही छापून येत नाही. पाहुणेही एकेक नग. रिचर्ड कील, पुढे बाँडपटात पोलादी दातांचा जॉज झाला तो, इथे दोन भागांत दोन वेगळे राक्षस होऊन गेला. एकात तर अंगभर शेवाळ.

पण मी सावरून बसलो तो आपला राक्षस आला तेव्हा. खरंच, 'राक्षस' हेच नाव! वस्ती म्हाताऱ्या ज्यू लोकांची, भिंतींवर स्वस्तिकं उमटलेली. सगळ्यांना वाटतं नाझी विचारांच्या कोणाचं तरी काम. निघतं असं की एका वृद्ध हिंदू माणसाने राक्षसाला दूर ठेवायला ती काढलीत. तो वृद्ध झालाय अब्राहम सोफेअर, रंगूनमध्ये जन्मलेला नट. फिल सिल्व्हर्ससारखा विनोदी नटही या भागात आहे. आणि राक्षसाची युक्ती अशी, की ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास, त्याचंच रूप घेऊन तो समोर येतो. अमेरिकन रूममेटला हे भलतंच नवं वाटलं. मी म्हटलं, आमच्याकडे मारीच हरीण होतो, रावण साधू होऊन दारात उभा राहतो, यात नवल काय?

शेवटी कोल्चॅकच्या हातात मंतरलेले बाण आहेत आणि समोरून ऑफिसातली प्रेमळ म्हातारी मिस एमिली चालत येते. गोड बोलत. आता बाण मारायचा? केसाळ सोंग नंतर क्षणभर दिसतं, ते विसरा. त्या म्हातारीचं हसू बघा.

रूममेटने विचारलं, तुझ्यासमोर कोण येईल? मी पटकन म्हणालो, आजी. रविवारी घरी फोन केला, नेमकी आजीनेच उचलला आणि म्हणाली, "कधी येतोस? ये की जवळ." माझा आवाज ऐकून तिला वाटलं मला सर्दी झालीय.

* * *

१९९८ ची 'वोह' कोणी कशी लिहिली नाही? लिलिपुट विदूषक झाला होता. एरवी हसवणारा माणूस, आणि त्याच्यासमोर आशुतोष गोवारीकर! 'लगान' बघायला थिएटरात गेलो, दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव आलं आणि मी बाजूच्याला म्हणालो, "अरे, हा तर जोकरवाला." मागच्या रांगेतल्या एका बाईंनी लगेच पुढे वाकून विचारलं, "तुम्हीपण बघायचात का हो? आमची मुलगी अजून वाढदिवसाला जोकर बोलावू देत नाही."