लिबिया २०११: बॉम्ब टाकायला पाठवलेले पायलट विमानासकट माल्टाला कसे पोचले?

गगनवेडा:
लिबियातल्या उठावाबद्दल वाचतोय. २१ फेब्रुवारी २०११ ला लिबियन हवाई दलाची दोन मिराज एफ-१ लढाऊ विमानं समुद्रापलीकडच्या माल्टा या बेट-देशाच्या विमानतळावर येऊन उतरली, दोन्ही पायलट कर्नल हुद्द्याचे, आणि उतरल्या उतरल्या सांगितलं की बेनगाझीत निदर्शकांवर बॉम्ब टाकायचा हुकूम होता, आम्हाला ते करायचं नाही, आश्रय द्या. मला प्रश्न पडलाय की हुकूम पटत नव्हता तर तळावरच नाही का नाही म्हणाले? आणि रडार, कंट्रोल, सगळी यंत्रणा असताना लढाऊ विमान असं निसटतंच कसं? विमानांचं पुढे काय झालं?

रनवे_०९:
तळावर नाही म्हणायचं म्हणजे लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्या माणसांसमोर उभं राहून नाही म्हणायचं, तिथून घरी परत जाऊ याची खात्री कोणाला होती. आणि समजा म्हणालात नाही, तर तेच विमान, तेच बॉम्ब, फक्त दुसरा पायलट बसवतील. विमानच घेऊन गेलात तर निदान ते तरी त्या शहरावर जात नाही, माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

निसटायचं म्हणाल तर त्या हुकुमानेच वाट मोकळी करून दिली. राजधानी त्रिपोली ते बेनगाझी सरळ रेषेत साधारण ६५० किमी, जाऊन परत यायचं म्हणजे इंधन भरपूर, आणि माल्टा त्रिपोलीपासून जेमतेम ३५० किमी. टेकऑफची परवानगी रीतसर मिळालेली. बेनगाझीची सरळ वाटही सिद्राच्या आखातावरूनच जाते, त्यामुळे समुद्राकडे गेलेलं विमान बघून लगेच कोणी दचकणार नाही. ताशी ९०० किमी धरले तर माल्टा पंचवीस मिनिटांच्या आत, तेवढ्यात खाली कोणाच्या तरी लक्षात यायला हवं, वरून हुकूम यायला हवा, पाठलागाला विमान सुटायला हवं. शिवाय ही मिराज एका सीटची, मागे बसून अडवणारं कोणी नाही.

शांभवी_के:
सीटचा मुद्दा बरोबर आहे, त्याला जोडून सांगते. दोनच दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, एक सुखोई-२२ अजदाबियाजवळ कोसळलं, त्यात दोघं होते आणि बेनगाझीवर बॉम्ब टाकायला नकार देऊन दोघांनीही पॅराशूटने उडी मारली अशी बातमी लिबियातल्याच कुरिना या पेपरने दिली होती. तिथे एकट्याने ठरवून भागत नाही, मागचा माणूस काय म्हणेल हे माहीत नसताना बोलायला तोंड उघडायचं म्हणजे जिवावरचं काम. संयुक्त राष्ट्रांचा १९७३ क्रमांकाचा ठराव, ज्याने नो-फ्लाय झोन म्हणजे लिबियावर विमानं उडवायला बंदी आली, तो १७ मार्चचा. म्हणजे त्याआधीचे तीन-साडेतीन आठवडे बाहेरून अडवणारं कोणीच नव्हतं, जे काही अडलं ते अशा आतल्या माणसांमुळे, आणि ह्यांची नावंसुद्धा आपल्याला आठवत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

जुना_वाचक:
विमानातला दुसरा माणूस तयार नसला की काय होतं त्याचं उदाहरण १९७१ चं. फ्लाइट लेफ्टनंट मतिउर रहमान, बंगाली, पाकिस्तानी हवाई दलात इन्स्ट्रक्टर. २० ऑगस्टला कराचीच्या मसरूर तळावर टी-३३ ट्रेनर विमान ताब्यात घेऊन भारताकडे निघाले, म्हणजे बांगलादेशच्या लढ्यात सामील व्हायला. विमानात शिकाऊ पायलट रशीद मिनहास होता, त्याने विरोध केला, आणि सीमेच्या अलीकडे ठट्टाजवळ विमान पडलं, दोघंही गेले. मिनहासला पाकिस्तानने निशान-ए-हैदर दिला, मतिउरना बांगलादेशने बीरश्रेष्ठ, दोन्ही त्या त्या देशाचे सर्वोच्च लष्करी सन्मान. मतिउर यांचा देह कराचीतच पुरलेला होता, तो २००६ मध्ये ढाक्याला नेला.

गगनवेडा:
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मग एवढं शक्य असेल तर असे पायलट इतके थोडे का?

रनवे_०९:
घरचे लोक. पायलट अर्ध्या तासात सीमेपार, पण बायको-मुलं, आईवडील तिथेच, आणि अशा राजवटी सूड त्यांच्यावर उगवतात हे प्रत्येक पायलटला पक्कं ठाऊक असतं. सीरियातही उठाव मार्च २०११ ला सुरू झाला आणि विमान घेऊन कोणी बाहेर पडायला २१ जून २०१२ उजाडला, कर्नल हसन हमादा मिग-२१ घेऊन जॉर्डनमधल्या मफ्रकच्या तळावर उतरले. जॉर्डनने त्याच दिवशी आश्रय दिला, सीरियाने देशद्रोही ठरवून विमान परत मागितलं.

विमानांचं राहिलं होतं सांगायचं. आश्रय माणसाला मिळतो, विमान मात्र त्या देशाच्या मालकीचंच राहतं. तरी गद्दाफी सरकारने मिराज परत मागितली तेव्हा माल्टाने सरळ नाही म्हटलं, आणि गद्दाफी गेल्यावर फेब्रुवारी २०१२ मध्ये ती नव्या सरकारच्या ताब्यात दिली.