नवीन तबेला: पहिल्याच हंगामात घोडी भरवायची का?

तेरणाकाठ:
आपल्या गटातले सातजण गेल्या महिन्यात घोड्यांच्या शर्यतीच्या त्या ऑनलाईन गेममध्ये आले. सुरुवातीला प्रत्येकाला १ लाख नाणी आणि रिकामा तबेला मिळतो. त्यातल्या पाचजणांनी पहिल्याच दिवशी पैदाशीची घोडी घेतली. मीही तेच करून बसलोय, म्हणून स्पष्ट सांगतो, नव्या माणसानं पहिल्या हंगामात घोडी भरवू (म्हणजे नराकडून गाभण करून घेऊ) नये.

माझा हिशेब बघा. घोडी ४०,००० ला, नराची फी १५,०००. चंदी, खरारा, नाल सगळं धरून एका जनावरामागं रोज १२० नाणी कटतात. गेममधलं एक वर्ष म्हणजे आपले ४२ दिवस. घोडी अकरा महिने गाभण, पुढं शिंगरू दोन वर्षांचं होईस्तोवर पळवता येत नाही. शंभरावर दिवस मी नुसतं खाऊ घालत बसलो, वीस हजारांच्या वर गेले आणि आवक शून्य.

वर गंमत ऐका. मी घोडी भरवली जूनच्या शेवटी, शिंगरू झालं मे अखेरीस. उत्तर गोलार्धात रेसच्या सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला वाढतं, गेमही तेच पाळतो. माझं शिंगरू सात महिन्यांचं असतानाच कागदावर वर्षाचं झालं. दोन वर्षांच्यांच्या शर्यतीत जानेवारीत जन्मलेल्या दांडग्या पोरांशेजारी उभं राहिलं आणि दहात आठवं आलं.

त्यापेक्षा ८-९ हजारांचे पळते तीन घोडे घ्या आणि क्लेमिंगमध्ये उतरवा. (अमेरिकन धर्तीची शर्यत. भाव आधीच ठरलेला, तेवढे पैसे भरून कोणीही तुमचं घोडं उचलू शकतो.) बक्षीस लहान असतं, पण चंदीचा खर्च निघतो.

सेलूची_ताई:
दादा, चुकलं तुमचं कॅलेंडर आणि बदनाम झाली घोडी! फेब्रुवारीत भरवली असती तर जानेवारीत व्याली असती.

मी रिकामी घोडी घेतच नाही. लिलावात १२-१३ वर्षांची, आधीच गाभण, जिची दोन तरी पोरं जिंकलेली आहेत अशी शोधते. वय झालं म्हणून भाव पडलेला असतो. मला १८,००० ला मिळाली, नराची फी आधीच्या मालकानं भरलेली. पहिल्या दिवशी एवढंच करा आणि उरलेले ८० हजार हातात ठेवा.

आणि त्या क्लेमिंगचं कौतुक ऐकून कान किटले. घोडं जिंकलं की कोणीतरी १२ हजार टाकून घेऊन जाणार, हरलं की तुमच्याच गळ्यात. महिन्याभरानं तबेल्यात कोण उरतं? जे कोणालाच नको होतं ते! घोडीचं मोल बघायचं तर अमेरिकेतला गाजलेला घोडा सेक्रेटेरियट बघा. १९७३ ला बेलमाँटची मोठी शर्यत ३१ लेंग्थनं (म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीनं) मारली, पण पुढं त्याच्या मुलांपेक्षा मुलींनी नाव काढलं. त्याच्या लेकीच्या पोटचा ए. पी. इंडी १९९२ ला तीच बेलमाँट जिंकला.

तेरणाकाठ:
ताई, सेक्रेटेरियटची लेक १८ हजारांत मिळत नसते. पोटातल्या शिंगराचा भाव करणं म्हणजे पाण्यात म्हैस, बाहेर मोल. द ग्रीन मंकी नावाचं घोडं २००६ ला १ कोटी ६० लाख डॉलरला गेलं. तीन शर्यती पळालं, एकही जिंकलं नाही. एवढं मोठं घराणं, काय कामाला आलं?

लोह्याचा_नातू:
थांबा थांबा. ग्रीन मंकीचा भाव नुसत्या घराण्यावर चढला नव्हता. विक्रीआधीच्या चाचणीत एक फर्लांग, म्हणजे साधारण २०० मीटर, ९.८ सेकंदांत मारला म्हणून लोक पेटले. पळताना बघून घेतलेलं घोडं ते. भाऊ, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटलं की.

तुम्ही दोघं खरेदीवरच भांडायलात. आमचे आजोबा माळेगावच्या यात्रेत घोडं बघायचे. दात बघणं नंतर. आधी कडक जमिनीवर चालवायला लावायचे आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहायचे. चारी टापांचा आवाज सारखा आला तरच वळून बघायचे. एक टाप दबकी वाजली की "चला पुढं". मालक मागून कितीही ओरडो.

गेममध्ये टापांचा आवाज नाही, पण 'मागच्या शर्यती' नावाचं पान आहे. ते कोणी उघडतं का? इथंच तर घोडं पेंड खातं. वेगाचा आकडा बघायचा, घ्यायचं आणि बक्षीस मोठं दिसंल तिथं नाव घालायचं. १००० मीटरला पहिल्या तिघांत येणारं घोडं १६०० ला शेवटच्या २०० मीटरमध्ये बसतं. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरची डर्बी तर २४०० ची. उलटंही तसंच, लांब पळणारं घोडं रंगात येईस्तोवर १२०० ची शर्यत संपलेली असते. आणि दर तिसऱ्या दिवशी पळवलं तर ते थकणारच ना. घोडी घ्या नाहीतर घोडा, हे पान न बघता बुडणारा दोन्हीकडून बुडतो.

बांधावरून:
इकडं सोयाबीनचा खर्च निघंना आणि तुम्ही न दिसणाऱ्या घोड्याला चंदी चारायलात. हा जुगारच ना शेवटी?

सेलूची_ताई:
काका, खरा रुपया लावता येत नाही यात. पैशांच्या ऑनलाईन गेमवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आलीय. जातो तो वेळ. त्याबद्दल घरी मीही बोलणी खाते.

उदगीर_मेल:
मी परवा आलोय. धागा वाचून ९ हजारांचं घोडं क्लेमिंगमध्ये घातलं. जिंकलं! आणि लगेच कोणीतरी १२ हजार भरून नेलं. तबेला पुन्हा रिकामा. रडू का हसू?

तेरणाकाठ:
तीन हजार सुटले, वर बक्षीस. हसा.

सेलूची_ताई:
पुढच्या आठवड्यात तेच घोडं दुसऱ्याच्या रंगात जिंकलं की रडा.

तेरणाकाठ:
ताईंनी सांगितली तसली एक गाभण घोडी लिलावात दिसली, १९ हजारांना. मन झालं, पण थांबलोय. आज रात्री ९.४० ला माझं नवीन काळं घोडं १२०० मीटरला आहे. वेगाचा आकडा अख्ख्या यादीत सगळ्यात वर. लाईट राहिली तर निकाल टाकतो.

लोह्याचा_नातू:
भाऊ, त्याचं पान उघडलं मी. आतापर्यंतच्या सहाच्या सहा शर्यती १६०० च्या वरच्या आहेत.

तेरणाकाठ:
नाव मागं घ्यायची वेळ सहाला संपली.