रीफॅक्टरिंगला मराठीत काय म्हणावं? आणि मर्जला?

टीममधल्या नव्या पोरांसाठी मराठीत नोट्स लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडकलो. रीफॅक्टरिंगला 'पुनर्रचना' लिहिलं तर वाटतं सगळं पाडून नवीन बांधतायत, 'सुधारणा' लिहिलं तर वाटतं बग काढला. बाहेरून तर प्रोग्रॅम तसाच चालतो, फक्त कोडची आतली मांडणी बदलते. आणि मर्जला, म्हणजे कोडच्या वेगळ्या झालेल्या दोन प्रती एकत्र करण्याला, 'विलीनीकरण' लिहिलं की बँकांची बातमी वाचल्यासारखं होतं. सुचवा काहीतरी.

---

फॅक्टर म्हणजे अवयव, शाळेत अवयव पाडायचो तेच. १२ चे ३ गुणिले ४ करा नाहीतर २ गुणिले ६, किंमत १२ च. विल्यम ओपडाइक यांचा १९९२ चा पीएचडी प्रबंध याच विषयावर होता, मग १९९९ मध्ये मार्टिन फाउलर यांचं पुस्तक आलं आणि शब्द सगळीकडे झाला. पण म्हणून 'फेरअवयवन' नको प्लीज, ऑपरेशन थिएटर आठवतं.

---

आम्ही सरळ 'आवरणे' म्हणतो. "तो मॉड्यूल आवरून टाक." सामान तेच, जागा बदलते. मोठं असेल तर 'आवरायला काढणे', कारण तेव्हा बाकीच्यांना काय कुठे गेलं ते सापडत नाही. मी एकदा एका फंक्शनचं नाव बदललं, चाळीसेक फाइली, ब्रांच, म्हणजे माझी वेगळी प्रत, तीन आठवडे माझ्याकडेच पडून, तेवढ्यात दुसऱ्यानं मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य प्रतीत, एका नव्या फाइलीत जुन्याच नावानं कॉल टाकला. मर्ज मारला तर एकही कॉन्फ्लिक्ट नाही, मी खुश, आणि दोन मिनिटांत बिल्ड फेल, प्रोग्रॅम तयारच होईना.

---

ते होणारच, गिट, म्हणजे हे बदल सांभाळणारं टूल, ओळी जुळवतं, अर्थ नाही. ओळी भिडल्या तरच ते सात-सात बाणांच्या खुणा टाकून थांबतं. त्या कॉन्फ्लिक्टला 'संघर्ष' कशाला, 'अडलं' पुरे. तुझं झालं ते न अडता बिघडलं, ते जास्त वाईट. आणि फाइल हलवणं आणि आतलं बदलणं एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदल साठवण्याच्या एकाच टप्प्यात, करू नका रे, गिट नावबदलाची नोंद ठेवत नाही, सारखेपणावरून अंदाज बांधतं, आपण काही सांगितलं नाही तर ५० टक्के सारखेपणाची रेघ.

---

मर्जला 'सांधणे' कसं वाटतं? विलीन म्हणजे नदी समुद्राला मिळाली, नाव संपलं. मर्ज कमिटला दोन पालक असतात, दोन्हीकडचा इतिहास शाबूत. स्क्वॉश मात्र खरंखुरं विलीन, वीस कमिटांचा एक.

---

सांधणे तुटलेल्याला म्हणतात ना? ब्रांच कुठे तुटलेली असते?

---

तीन आठवडे मेनपासून लांब ठेवलीस की तुटलेलीच धर. म्हणून तर मोठं आवरणं तुकड्यातुकड्यानं सांधायचं, जुनं नाव नव्याकडे वळवून काही दिवस तसंच ठेवायचं, सगळे कॉल हलले की मग काढायचं.

---

बरं, 'आवरणे' घेतलं, 'सांधणे' लिहून बघतो. रीबेसला, म्हणजे ब्रांचमधले कमिट मेनच्या टोकावर नव्यानं बसवण्याला, काय?

---

रीबेस मारणे.