सुपरचार्जरचं चालतं मॉडेल, १५०० रुपयांत: सल्ला हवा

सायली_ठाणे:
लेक नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनात तिला दाखवायचंय की उंचावर विमानाचं इंजिन का दमतं आणि सुपरचार्जरने, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याने, त्याला जादा हवा कशी दिली. १८,००० फुटांवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो, तिथपर्यंत तिला समजलंय. कोणतं इंजिन घ्यावं? खर्च १५०० च्या आत.

मर्लिनवेडा:
दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, स्पिटफायरचं, मर्लिन ६१ इंजिन! दोन टप्प्यांचा सुपरचार्जर, त्यानंतर ती हवा थंड करणारा इंटरकूलर, कारण हवा दाबली की तापते. मी २५ हजारांचा थ्रीडी प्रिंटर घेतला, त्यावर पंख्याचं चाक झकास निघतं. घेऊनच टाका.

डेन्व्हरकर:
अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगरावरचा प्रयोग घ्या. मी दोनदा जाऊन आलोय. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरने विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून १४,१०९ फुटांवर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती, वर २३०. टर्बो जोडल्यावर ३५६!

गिअरबॉक्स:
टर्बो म्हणजे सुपरचार्जर नव्हे. विषय भरकटतोय.

डेन्व्हरकर:
त्या काळी टर्बोसुपरचार्जरच म्हणत. साधा सुपरचार्जर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, गिअरवर फिरतो आणि इंजिनाचीच ताकद खातो, टर्बो एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या, झोतावर.

नाना_सातारा:
माझ्या डिझेल गाडीचा टर्बो ८० हजार किलोमीटरला गेला. मोठा भुर्दंड बसला. टर्बो नकोच.

पक्या_मिस्त्री:
ताई, जुन्या बाजारातून १२ व्होल्टचा ब्लोअर आणा, मधून हवा ओढून कडेला फेकणारा. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून रंगीत पाणी भरा, एका टोकाला ब्लोअरचं तोंड घट्ट बसवा. चालू केला की त्या बाजूचं पाणी खाली जातं, दुसरीकडे चढतं. दाब डोळ्यांना दिसतो. आमच्या पोराची मोटर परीक्षकांसमोरच जळाली होती, म्हणून एक जादा ठेवा.

मर्लिनवेडा:
मर्लिन ६१ च घ्या, वर लिहिलंच आहे. इंटरकूलर विसरू नका.

सायली_ठाणे:
सगळ्यांचे आभार. नळीची युक्ती घेतली, ब्लोअर दोन आणले. इंजिन मात्र लेकीने स्वतः निवडलं: ब्रिस्टल पेगासस. ३ एप्रिल १९३३ ला बिहारमधल्या पूर्णियाहून दोन वेस्टलँड विमानं याच सुपरचार्ज केलेल्या इंजिनांवर एव्हरेस्टवरून गेली. आपल्या देशातून उडालेली म्हणून तिला तीच हवीत. नकाशावर पूर्णिया ते एव्हरेस्ट लाल दोरा ताणून झालाय.