सोळा वर्षांच्या धावपटूवर विकिपीडियात लेख व्हावा का?

स्टॉपवॉच:
नमस्कार मंडळी. आमच्या क्लबात ४०० मीटर अडथळा शर्यत पळणारी एक मुलगी आहे, वय १६. गेल्या हंगामात राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत तिसरी आली. मी तिची प्रशिक्षक नाही, शर्यतींना वेळ नोंदवायला बसते, पण तिला अगदी लहान असल्यापासून पळताना बघतेय. तिच्यावर लेख असावा असं मनापासून वाटतं. हाताशी आहे ते असं: महासंघाच्या संकेतस्थळावरचा निकालाचा तक्ता, तीन वर्तमानपत्रांत आलेली पदकाची बातमी, क्लबाच्या पानावरचा तिचा परिचय, एका क्रीडा पोर्टलवरची मुलाखत आणि एका दैनिकाच्या रविवार पुरवणीतला अर्ध्या पानाचा लेख. एवढ्यावर लेख टिकेल का? आणि टिकणार नसेल तर नेमकं काय कमी पडतंय?

धूळपाटी:
ताई, मुलगी किती चांगली पळते हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही. तिच्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांनी तिच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का, एवढंच बघतात. त्या नजरेने तुमचा एकेक कागद बघू.

महासंघाचा तक्ता वेळेसाठी शंभर टक्के विश्वासार्ह. पण त्यात तिच्याबरोबर अंतिम फेरीतल्या सगळ्याच जणी आहेत, त्यामुळे उल्लेखनीयतेच्या, म्हणजे लेख असण्याच्या पात्रतेच्या, हिशोबात तो धरत नाहीत. क्लबाचा परिचय घरचाच झाला. तीन बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिलं वाक्य तिन्हींत तेच असेल, ‘दमदार कामगिरी करत’ वगैरे शब्दही तेच असतील, तर तिघांनी एकच प्रसिद्धिपत्रक छापलंय. म्हणजे तो एकच स्रोत, आणि तोही आयोजकांकडून आलेला. मुलाखतीत ती स्वतःबद्दल जे सांगते ते स्वतंत्र नव्हे. मात्र वरच्या परिच्छेदात वार्ताहराने स्वतः काही शोधून लिहिलं असेल, तर तेवढा भाग चालतो.

उरला पुरवणीतला लेख. तुमच्याकडची खरी जमेची बाजू तीच. लेखकाचं नाव छापलंय का, तो सराव बघायला गेला होता का, प्रशिक्षक आणि प्रतिस्पर्धी यांच्याशी बोललाय का, हे बघा. आणि ती जाहिरात पुरवणी तर नाही ना, हेही. पैसे देऊन छापून आणलेला मजकूर कितीही लांबलचक असला तरी बाद.

असा एक चांगला लेख पुरत नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी असे दोन-तीन तरी लागतात. इंग्रजी विकिपीडियावर शालेय वयाच्या खेळाडूंसाठी अट आणखी कडक आहे: दखल भरीव हवी आणि ती बराच काळ घेतली गेलेली हवी. मोठ्यांनाही आता तिथे सूट नाही. ऑलिंपिकमध्ये नुसता भाग घेतला की पात्र, हे २०२१मध्ये संपलं, आता पदक लागतं. एखादा व्यावसायिक सामना खेळला की झालं, असे निकष २०२२मध्ये काढले. मराठी विकिपीडिया आपले निर्णय स्वतः घेतो, पण पान काढायची चर्चा निघाली की प्रश्न हेच येतात.

माझं मत सरळ सांगतो: आज नको.

खोखोप्रेमी:
मला हे पटत नाही. मुलींच्या मैदानी खेळांना वर्तमानपत्रं जागाच देत नाहीत, आणि मग आपण म्हणायचं, छापून आलं नाही म्हणून लेख नाही! २०१८च्या मे महिन्यात डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियाने संदर्भ अपुरे म्हणून नाकारला, आणि ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि वय हा काय निकष झाला? ए. ई. जे. कॉलिन्स १३ वर्षांचा होता, १८९९मध्ये शाळेतल्या एका सामन्यात त्याने नाबाद ६२८ धावा केल्या. त्याच्यावर चांगला मोठा लेख आहे.

धूळपाटी:
जागा मिळत नाही ही तुमची तक्रार रास्त आहे आणि मलाही ती डाचते. पण स्ट्रिकलंड यांच्याबाबत लिहिण्याजोगं साहित्य जगात होतं, मसुद्यात ते आलं नव्हतं. इथे साहित्यच अजून तयार व्हायचंय. आपण हौसेने लिहिलं तर ती उणीव झाकली जाईल, भरून निघणार नाही. कॉलिन्सचा विक्रम ११६ वर्षं टिकला, आणि २०१६मध्ये प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याच्याबरोबर कॉलिन्सचीही आठवण काढली. त्याच वर्षी नीरज चोप्राने २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ८६.४८ मीटर भाला फेकून ज्युनियर विश्वविक्रम केला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. वय आड आलं नाही, कारण लिहिणारे आपणहून धावत आले.

एका गोष्टीत मात्र खोखोप्रेमींना पूर्ण दुजोरा. संदर्भ इंटरनेटवरच असला पाहिजे असं काही नाही, आणि तो कुठल्याही भाषेत चालतो. छापील जिल्हा दैनिकातला नावानिशी लिहिलेला लेखही मांडता येतो.

आता मला जास्त काळजी कशाची वाटते ते सांगतो. ती अल्पवयीन आहे. लेख झाला की तिचं नाव शोधल्यावर बहुतेक तोच वर येणार, आणि तो कुणीही बदलू शकतो. फारसं कुणाचं लक्ष नसलेल्या पानावर कुणी जन्मतारीख, शाळा, घरच्यांची नावं टाकली किंवा काही वाह्यात लिहिलं, तर ते किती दिवस तसंच राहील सांगता येत नाही. मजकुराचा परवाना मुक्त असल्याने तो इतर संकेतस्थळांवर उचलला जातो. विकिपीडियाने पान काढलं तरी तिथल्या प्रती राहतात. उद्या गुडघा दुखावला, किंवा तिला पळणं सोडून दुसरंच काही करावंसं वाटलं, तर? विशीतल्या बाईचं नाव टाकल्यावर तिचा सोळाव्या वर्षीचा निकाल आणि वर ‘या लेखास संदर्भ हवेत’ अशी पाटी, हे तिच्या वाट्याला का यावं? आपल्याला ती आवडते म्हणूनच हा विचार आपण करायचा.

स्टॉपवॉच:
बातम्या काढून बघितल्या. दोन तर शब्दशः एकच आहेत, तिसरीत फक्त मथळा वेगळा. पुरवणीतला लेख मात्र खरा निघाला, लेखिका सरावाला आली होती. हे सगळं पान काढून टाकायच्या चर्चेत जाऊन कळलं असतं तर मुलीला फार लागलं असतं. मग तोवर मी काय करू शकते?

धूळपाटी:
बरंच. कात्रणाच्या मागे दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक आणि लेखिकेचं नाव आजच लिहून ठेवा, नंतर हे शोधताना जीव जातो. ऑनलाइन दुवे वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर, साठवा. विकिपीडियावरच्या तुमच्या सदस्यखात्याच्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावर, तिच्याबद्दल टिपणं ठेवू नका, तीही सगळ्यांना दिसतात. आपल्या संगणकावर ठेवा. पुढे लेखाची वेळ आली तर क्लबाशी असलेला संबंध लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर उघड सांगा आणि लिहायचं काम त्रयस्थ संपादकावर सोडा. फोटो द्यायचा झाला तर तो ज्याने काढला त्यानेच कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या साठ्यावर, चढवावा, आणि त्याआधी तिला आणि आईवडिलांना विचारा.

आणि त्या स्पर्धेचं पान असेल तर पदकविजेत्यांच्या तक्त्यात तिचं नाव आणि वेळ भरायला हरकत नाही. त्याला महासंघाचा निकाल पुरेसा आहे.