अनुभव धागा: भाव पडल्यावर मीमकॉइनच्या ग्रुपातली माणसं राहिली का?

कोल्हापूरकरांनो, मीमकॉइन म्हणजे इंटरनेटवरच्या थट्टेतून निघालेलं आभासी चलन. कोणतं कॉइन घ्यावं, हे इथं कुणी सांगू नका. भाव उतरल्यावर ग्रुपात कोण राहिलं आणि का, तेवढंच मनापासून लिहा, वर नावाऐवजी आपला भाग टाका. सुरुवात मी करतो.

मी डोजकॉइन या मीमकॉइनकडं वळलो तो शिव केशवनमुळं. 2014 च्या सोची हिवाळी ऑलिंपिकसाठी आपल्या या ल्यूज (बर्फावरची घसरगाडी) खेळाडूला डोजवाल्यांनी वर्गणी काढून दिली, जमैकाच्या बॉबस्लेड संघालाही दिली. कॉइन निघालं होतं डिसेंबर 2013 मध्ये. ओळख ना पाळख, तरी लोक देत होते. पुढं संस्थापकांपैकी जॅक्सन पामर बाजूला झाला, तरी मंडळी पांगली नाहीत. एकमेकांना टिप, म्हणजे खुशीनं थोडी कॉइन, द्यायची सवय भाव कवडीमोल असतानाच लागली होती, म्हणून ती टिकली असं मला वाटतं.

शाहूपुरी
मे 2021. इथेरियम या क्रिप्टो जाळ्याचा सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिननं शिबा या मीमकॉइनची 50 लाख कोटी नाणी भारताच्या कोविड मदतनिधीला दिली आणि भाव धाडकन खाली आला. आमच्या टेलिग्राम ग्रुपात नुसती ओरड. त्यातच एकानं विचारलं, "सीपीआर दवाखान्यात ऑक्सिजनचा बेड मिळंल का? आईला धाप लागलीया." चौघं-पाच जण फोनाफोनीला लागले. जुलैत पूर आला तेव्हा जनावरांच्या चाऱ्याची सोय याच पोरांनी बघितली. ग्रुप अजून आहे, पण शिबाचा विषय क्वचितच निघतो.

मंगळवार पेठ
आमच्याकडं ॲडमिन रोज सकाळी "होल्ड करा भावांनो" लिहायचा, म्हणजे विकू नका. एके रात्री मेसेज टाकायची सोयच बंद केली त्यानं. कुणाचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, मग शोधायचं कुणी कुणाला?

गुजरी
एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर, जुलैपासून 1 टक्का टीडीएस, वर एका कॉइनचा तोटा दुसऱ्या नफ्यातनं वळता करता येत नाही. रोज उलाढाल करणारे तेव्हाच गळाले.

शिवाजी पेठ
आपल्या तालमीचा फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर हरला म्हणून कुणी दुसऱ्या पेठेचा झेंडा धरत नाही. इथं मात्र शेजारी आधी विकून निघाला की मागं राहिलेल्याचा तोटा. दोस्तावरच नजर ठेवायला लागते, आणि मला तेच सगळ्यात जास्त लागलं. शाहूपुरीकर, तुमच्यात कुणी विकलं तर बाकीचे त्याच्याशी नीट बोलतात का? आणि नवी माणसं घेता का?